कलमी किताबं ठंडी करण्याआधी एवढं ऐका

मशिदींचे मुतवल्ली, दर्ग्यांचे विश्वस्त, जुनी काझी-खतीब घराणी, आणि ज्यांच्या माळ्यावर बापजाद्यांची कलमी, म्हणजे हाताने लिहिलेली, अरबी किताबं कापडात बांधून ठेवलेली आहेत अशा कोकणातल्या, मुंबईतल्या, मराठवाड्यातल्या सगळ्या घरांना,

अस्सलामु अलैकुम. आणि नमस्कारही, कारण अशी बाडं अधूनमधून देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतही निघतात आणि तिथेही त्यांचं काय करायचं हे कुणाला ठाऊक नसतं.

मुद्द्याचं आधी सांगते. उन्हाळ्यात घर शाकारायला काढलं किंवा मशिदीचं छप्पर बदलायचं ठरलं की माळ्यावरची गाठोडी खाली येतात. वाळवी लागलेली, पानं एकमेकांना चिकटलेली, घरात कुणालाच वाचता न येणारी. मग कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणतं, पायाखाली यायला नको, बेअदबी होईल, ठंडी करून टाका, म्हणजे अदबीने पाण्यात सोडा. पोतं भरतं आणि खाडीत नाहीतर पडक्या विहिरीत जातं. हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या पोत्यात काय गेलं याची साधी यादीही कुणी केलेली नसते. माझी विनंती एवढीच आहे की पोतं भरण्याआधी थांबा. किताबं तुमची आहेत, ती तुमच्याच घरी, तुमच्याच मशिदीत राहू द्या. पण ती कुणाला तरी पाहू द्या, नोंदवू द्या, त्यांचे फोटो काढू द्या.

मी वकील आहे. मृत्युपत्रं, हिबा (बक्षीसपत्रं), वक्फ (धर्मादाय म्हणून कायमची राखून ठेवलेली मालमत्ता), वारसाचे दावे हे माझं रोजचं काम. घर कोकणी, शाफई; हनफीसारखाच हाही सुन्नी धर्मकायद्याचा एक मजहब, म्हणजे परंपरा. ज्या नियमांवर मी कोर्टात बोलते ते कुठल्यातरी फकीहाने, म्हणजे धर्मकायद्याच्या पंडिताने, अरबीत लिहिले, कुठल्यातरी कातिबाने नकलून काढले आणि कुठल्यातरी घराने पावसापाण्यातून वाचवले म्हणून माझ्यापर्यंत आले. त्यामुळे या विषयात मी त्रयस्थ नाही.

ठंडं करण्याला फिक्हचा, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याचा, आधार आहे, हे आधीच मान्य करते. दमास्कसचे हनफी फकीह अलाउद्दीन हसकफी १६७७ साली वारले, म्हणजे शिवाजी महाराजांचे समकालीन. त्यांच्या 'अद-दुर्र अल-मुख्तार'मध्ये जुन्या पुस्तकांचा प्रश्न सरळ घेतला आहे. ज्या किताबांचा उपयोग होत नाही त्यांतली अल्लाहची, फरिश्त्यांची आणि रसूलांची नावं पुसावीत आणि उरलेलं जाळावं. वाहत्या पाण्यात आहे तशी सोडली तरी हरकत नाही, आणि पुरलं तर ते अधिक चांगलं. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना मी कोण नाही म्हणणारी? पण वकिलाची सवय म्हणून पहिल्या अटीवर बोट ठेवते. उपयोग होत नाही, हे ठरवलं कुणी? घरात अरबी वाचणारं कुणी उरलं नाही म्हणून किताब निरुपयोगी होत नाही. आज फोटो काढून कुठल्याही गावातलं पान हैदराबादच्या, कैरोच्या किंवा लायडनच्या अभ्यासकाला पाच मिनिटांत दाखवता येतं. पान वाचण्यासारखं असेल तोवर अट पुरी झालेली नाही आणि अट पुरी होत नाही तोवर परवानगी लागू होत नाही. (आणि विहीर म्हणजे वाहतं पाणी नव्हे, हे जाता जाता.)

दुसरी गोष्ट वक्फची. बऱ्याच किताबांच्या पहिल्या पानावर किंवा मधेच समासात 'वक्फ' असं लिहिलेलं किंवा शिक्का मारलेला दिसतो. त्याखाली कधीकधी पूर्ण वाक्य असतं: हे विकलं जाणार नाही, बक्षीस दिलं जाणार नाही, वारसाने कुणाकडे जाणार नाही. हजरत उमर यांनी खैबरची जमीन वक्फ केली तेव्हाच्या हदीसमधले हे शब्द शतकानुशतकं पुस्तकांच्या पानांवर उतरत आले. मुळात हलवता येणारी वस्तू वक्फ करता येते का, यावरच जुने इमाम भांडले आहेत. अबू हनीफा नाही म्हणाले. त्यांचे शिष्य मुहम्मद म्हणाले, जिथे तसा रिवाज आहे तिथे चालेल. 'हिदाया' या हनफी ग्रंथात पुढे नुसैर बिन यह्या यांचं उदाहरण येतं. त्यांनी कुरआनच्या प्रतींचा दाखला धरून आपली पुस्तकं वक्फ केली. म्हणजे पुस्तक वक्फ होऊ शकतं हे सिद्ध करायलाच फकीहांना इतका खल करावा लागला. अशी वक्फ केलेली किताब हजार-दोन हजाराला भंगारवाल्याला किंवा जुन्या वस्तूंच्या दलालाला देणाऱ्या विश्वस्ताने निदान पहिलं पान तरी कुणाकडून वाचून घ्यावं.

आता एका किताबीची हकीकत सांगते. ती जरा लांब आहे.

दहाव्या शतकात आजच्या ट्युनिशियातल्या कैरवानजवळ काझी नुअमान नावाचा विद्वान फातिमी खलिफांच्या चाकरीत होता. एकामागून एक चार खलिफांची त्याने सेवा केली. साधारण ९६०च्या सुमाराला, खलिफा मुइज्ज यांच्या काळात, त्याने 'दआइम अल-इस्लाम' लिहिलं. राज्य कुठल्या कायद्याने चालायचं ते सांगणारा हा इस्माइली, म्हणजे शियांच्या एका शाखेच्या, फिक्हचा ग्रंथ. पहिल्या भागात इबादत: वलाया (इमामाशी निष्ठा), तहारत (शुद्धता), नमाज, जकात, रोजा, हज, जिहाद. दुसऱ्यात व्यवहार: खरेदी-विक्री, शपथा, खाणंपिणं, औषध, कपडे, शिकार, निकाह, तलाक, गुलामांची मुक्ती, देणग्या, मृत्युपत्रं, वारसा, खुनाची भरपाई, काझीने कसं वागावं. जिहादच्या प्रकरणात तर राज्यकर्त्याला उद्देशून एक लांबलचक उपदेश आहे. सैनिक, न्यायाधीश, कारकून, व्यापारी-कारागीर आणि गोरगरीब यांच्याशी कसं वागायचं, असा एकेका वर्गाचा त्यात विचार आहे. मला त्या ग्रंथातला तोच भाग सगळ्यात आवडतो, आणि फिक्ह म्हणजे नुसतं हलाल-हराम समजणाऱ्यांनी तो एकदा तरी वाचावा.

९६९ मध्ये फातिमींनी इजिप्त जिंकलं, कैरो वसवलं. नुअमान खलिफांसोबत तिकडे गेला आणि ९७४ मध्ये तिथेच वारला. पुढे खलिफा जाहिर यांच्या कारकिर्दीत, १०२५च्या आसपास, मालिकी फकीहांना इजिप्तमधून घालवून दिलं गेलं आणि 'दआइम' पाठ करणाऱ्यांना बक्षिसं जाहीर झाली. इतका त्या किताबीचा रुबाब. मग ११७१ मध्ये सलाहुद्दीनने फातिमी सत्ता संपवली आणि ज्या शहरात ही किताब पाठ केली जात होती तिथेच ती परकी झाली. ती जगली येमेनच्या डोंगरांत, तय्यिबी या इस्माइली जमातीकडे. सोळाव्या शतकात त्या जमातीचं केंद्र गुजरातेत आलं आणि अहमदाबाद, सुरत, मुंबईच्या बोहरा घरांत तिच्या नकला होत राहिल्या. या जमातीची काही किताबं फक्त अधिकारी माणसालाच वाचायला मिळत. 'दआइम' त्यांतली नव्हती, ती उघड कायद्याची होती. तरीही ती छापलेली नव्हती. ज्याच्या घरी प्रत, त्याच्याच घरी कायदा.

याचा परिणाम मुंबईच्या कोर्टात दिसे. इंग्रजी अमदानीत न्यायाधीशांपुढे शिया कायदा म्हणून जी पुस्तकं यायची ती इस्ना-अशरी, म्हणजे बारा इमाम मानणाऱ्या, पंथाची होती. इस्माइली कायदा कित्येक मुद्द्यांवर वेगळा आहे. सोपं उदाहरण म्हणजे ठरावीक मुदतीचा मुता विवाह. तो इस्ना-अशरींना मान्य आहे, 'दआइम'मध्ये निषिद्ध. पण छापील ग्रंथ समोर नाही म्हटल्यावर न्यायाधीश तरी काय वाचणार?

इथे येतात आसफ अली असगर फैजी. माथेरानला १८९९ मध्ये जन्म, सुलेमानी बोहरा घराणं, तय्यबजींच्या गोतावळ्यातलं. सेंट झेवियर्स, मग केंब्रिज, मग बॅरिस्टर. १९३८ ते १९४७ मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांच्या मुस्लिम कायद्यावरच्या पुस्तकावर आमच्या कित्येक पिढ्या परीक्षेला बसल्या. पण त्यांनी आयुष्यभर जी गोष्ट धरून ठेवली ती ही किताब. १९३३ मध्ये त्यांनी तिच्यातल्या मृत्युपत्राच्या प्रकरणावर पुस्तक काढलं. मग खाजगी संग्रहांतल्या हस्तलिखित प्रती ताडून पूर्ण अरबी पाठ सिद्ध केला. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने त्यांना इजिप्तला राजदूत म्हणून पाठवलं आणि १९५१ मध्ये 'दआइम'चा पहिला खंड कैरोतच छापून निघाला, दुसरा १९६० मध्ये. जिथून ती हद्दपार झाली होती त्याच शहरात ती जवळपास आठशे वर्षांनी परत गेली, तीही मुंबई-गुजरातच्या व्यापारी घरांनी जपलेल्या नकलांच्या जोरावर. पुढे इस्माइल पूनावाला यांनी फैजींचा इंग्रजी अनुवाद सुधारून पूर्ण केला आणि २००२ व २००४ मध्ये तो दोन खंडांत आला.

आणखी एक गोष्ट फैजींनी केली, ती तुम्हा विश्वस्तांसाठी जास्त महत्त्वाची. १९५७ मध्ये त्यांनी आपल्या संग्रहातली इस्माइली हस्तलिखितं मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिली. १९६५ मध्ये त्यांची वर्णनात्मक सूची छापली गेली. याच विद्यापीठाने आपल्या अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची सूची १९३५ मध्येच काढली होती. हैदराबादच्या जाहिद अली यांच्या घराण्याचा आणि सुरतेच्या हमदानी घराण्याचा संग्रह मात्र लंडनच्या इस्माइली अभ्यास संस्थेकडे गेला. त्यांच्याही उत्तम सूच्या निघाल्या. मी लंडनला नावं ठेवत नाही. जिथे सांभाळलं जाईल तिथे जावं. पण माझ्या पक्षकाराला किंवा विद्यार्थ्याला फैजींच्या हस्तलिखितांसाठी व्हिसा काढावा लागत नाही, याचं मला समाधान आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही बोहरा नाही, आमच्याकडे असलं दुर्मीळ काही नाही, आमच्याकडे असतील मामुली मदरशाची पुस्तकं. बरोबर आहे. कोकणात बहुतेक ठिकाणी शाफई ग्रंथच मिळतील: इमाम नववी यांचं 'मिन्हाज', इब्न हजर हैतमींची 'तुहफा', मलबारच्या जैनुद्दीन यांचं 'फत्हुल मुईन'. दख्खनच्या हनफी घरांत 'हिदाया', 'शरह विकाया', 'कन्ज'. ही पुस्तकं छापून झाली आहेत, दुकानात मिळतात. मग जुन्या नकलेचा काय उपयोग?

यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका घरात पाहिलेली प्रत डोळ्यांसमोर आणते. घरातल्या दादींनी पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा कापूर आणि ओल असा मिश्र वास आला. आत 'मिन्हाज'ची प्रत. सुरुवातीची पानं गेलेली, जिल्द सुटलेली, पण जुज, म्हणजे पानांचे गठ्ठे, अजून शिवणीत. मजकूर काळ्या शाईत, बाबांची, म्हणजे प्रकरणांची, नावं लाल शाईत. प्रत्येक उजव्या पानाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द तिरपा लिहिलेला, म्हणजे पानं विस्कटली तरी क्रम लावता यावा. एका कोऱ्या पानावर 'या कबीकज' लिहिलेलं, तेही तीनदा. किड्यांनी पुस्तक खाऊ नये म्हणून जुने कातिब हे नाव लिहीत. कीड मात्र त्यातल्या एका 'काफ' अक्षरामधूनच आरपार गेली होती. दादी हसून म्हणाल्या, "त्याला वाचता कुठं येतंय?"

सगळ्यात मळलेली, बोटांच्या डागांनी पिवळी झालेली पानं होती फराइजची, म्हणजे वारसाच्या वाटण्यांची. रोजाच्या बाबाची पानं त्यामानाने कोरीकरकरीत. किताब वापरणारा माणूस कशासाठी ती उघडत होता हे एवढ्यावरूनच कळतं. फराइजच्या समासात दुसऱ्याच हस्ताक्षरात, बारीक, एक हिशेब मांडलेला: वर २४, त्याखाली ३, १६, ४ आणि १. वारसाचे दावे चालवणाऱ्या कुणालाही हा ताळा लगेच उमगेल. बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे चोवीसातले तीन. दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश, सोळा. आईला सहावा, चार. उरला एक, तो भावाचा. नववींनी हे सूत्र तेराव्या शतकात सीरियात लिहिलं, पण कोकणातल्या कुठल्यातरी घरात कुणीतरी गेलं होतं, मागे बायको, दोन मुली, आई आणि भाऊ होते आणि गावच्या काझीने पुस्तक उघडून त्यांची वाटणी केली होती. निदान शिकाऊ मुलाला तशी वाटणी करायला दिली होती. ही ओळ कुठल्याही छापील 'मिन्हाज'मध्ये मिळणार नाही.

त्याच पानांत घडी घालून ठेवलेली मोडीतली एक चिठ्ठी होती. तीत माडांची मोजदाद, एक गडगा, काही नावं. मराठेशाहीत काझींची वतनं चालू होती, त्यामुळे काझीच्या घरी अरबी आणि मोडी शेजारी शेजारी सापडणं यात नवल काही नाही. पण होतं काय, की किताब मदरशात जाते, मोडी कागद इतिहासाच्या हौशी माणसाकडे जातो आणि दोन्ही मुके होतात. त्या वाटणीचा आणि त्या माडांचा काही संबंध होता का, हे शोधायला दोन्ही एकत्र राहायला हवेत. म्हणून पानांत जे असेल ते, ताईत, पावती, लग्नाची याद, बाळाच्या जन्माची नोंद, वाळलेलं पान, जिथे आहे तिथेच राहू द्या.

या मामुली पुस्तकांतल्या मतभेदांनी इथल्या माणसांचं आयुष्य बदललेलं आहे. १८६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक खटला आला. शाफई घरातली वयात आलेली मुलगी. शाफई मतानुसार तिच्या निकाहाला वडिलांची संमती हवी. तिने हनफी मत स्वीकारलं आणि संमतीवाचून निकाह केला. न्यायालयाने तो निकाह ग्राह्य धरला. दोन मजहबांच्या किताबांमधली रेघ ओलांडून एका मुलीने आपला नवरा निवडला, तेही १८६४ मध्ये! आमच्या घरी हा किस्सा मी चारचौघांत सांगितला की काही काकांचे चेहरे अजूनही बघण्यासारखे होतात.

माहीमच्या मखदूम अली माहिमींबद्दल वेगळं सांगायला नको. १४३१ मध्ये वारलेल्या या कोकणी आलिमाने कुरआनवर अरबीत भाष्य लिहिलं आणि शाफई फिक्हवरचा 'फिक्ह-ए-मखदूमी'ही त्यांच्याच नावावर आहे. उरुसाला पोलिसांचा संदल जातो हे सगळ्या मुंबईला माहीत, त्यांनी लिहिलं काय हे किती जणांना?

आता तुमच्या शंका. मी जिथे जिथे हा विषय काढला तिथे त्या ऐकल्या आहेत.

पहिली शंका: सरकार घेऊन जाईल. १९७२चा पुरावशेष कायदा वाचून सांगते. शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोल असलेलं आणि ७५ वर्षांहून कमी नसलेलं हस्तलिखित या कायद्याखाली पुरावशेष ठरतं. ते बाळगणं गुन्हा नाही. परवान्याशिवाय त्याचा व्यापार करणं आणि ते देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे. सक्तीने संपादन करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, हे लपवणार नाही. त्यासाठी भरपाई द्यावी लागते आणि खरोखरच्या धार्मिक विधींत वापरल्या जाणाऱ्या वस्तूंना तो लागू नाही. पण या अधिकारापेक्षा वाळवीने नेलेल्या किताबांची मला जास्त भीती वाटते. नोंद झालेली वस्तू चोरीला गेली तर पोलिसांत सांगता येतं, फोटो दाखवता येतो. नोंदच नसलेल्या वस्तूची चोरी सिद्ध कशी करणार? राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ पासून होतं. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी करण्याची घोषणा झाली. त्या एक कोटीत संस्कृत आणि प्राकृत येणारच. अरबी-फारसी येतील की नाही हे आपण दार उघडतो की नाही यावर बरंचसं अवलंबून आहे. नंतर आमची नोंद घेतली नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही.

दुसरी शंका कुणी मोठ्याने बोलत नाही. आत काय निघेल कोण जाणे, आणि निघालेलं कुणी टीव्हीवर नाचवेल. खरं आहे, जुन्या फिक्हमध्ये गुलामांचे बाब आहेत, लढाईत मिळालेल्या मालाचे आहेत, आज वाचताना अंगावर येईल असं पुष्कळ आहे. पण हे सगळं छापील पुस्तकांत आधीच आहे, बोटाच्या टोकावर आहे. तुमची ट्रंक बंद ठेवून त्यातलं काहीच लपत नाही. लपतो तो फक्त समासातला काझी, ज्याने आपल्या गावच्या माणसांसाठी त्या नियमांचा अर्थ लावला. आणि तोच आपल्या उपयोगाचा आहे.

तिसरी शंका जमातीच्या शिस्तीची. काही किताबं बाहेरच्यांना दाखवायची नाहीत, असा दंडक असेल तर तो मोडा असं मी सांगणार नाही. पण त्यांचेही फोटो काढा आणि स्वतःजवळ ठेवा. पुरात गाठोडं वाहून गेलं की दंडक कशाला लावणार?

विजापूरचं उदाहरण यावर पुरेसं आहे. आदिलशाही ग्रंथसंग्रहातलं जे उरलं होतं ते असर महालात होतं, अरबी आणि फारसी मिळून ४००हून अधिक हस्तलिखितं. १८१८ नंतर विजापूर साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात होतं. १८४८ मध्ये सातारा खालसा झालं आणि १८५३ मध्ये हा संग्रह लंडनला, ईस्ट इंडिया कंपनीच्या ग्रंथालयात गेला. १८७७च्या इंडिया ऑफिसच्या अरबी सूचीत त्यांतली अरबी हस्तलिखितं नोंदवलेली आहेत. नेली म्हणून वाचली, असं म्हणणारे आहेत आणि ते अगदीच खोटं नाही. पण सातारा, विजापूर, कोल्हापूरच्या अभ्यासकाने ती पाहायची तर जायचं लंडनलाच.

आता कामाचं. तुम्हाला तज्ज्ञ मिळेपर्यंत काय करायचं आणि काय नाही.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको, त्यातून पान परत निघत नाही. उन्हात वाळत घालू नका, सावलीत, वारा लागेल असं ठेवा. चिकटलेली पानं सुरीने सोडवू नका. गळालेले तुकडे फेकू नका, पाकिटात घालून त्याच किताबीसोबत ठेवा. पेनने पानांवर क्रमांक घालू नका. गुंडाळायला मांजरपाट घ्या, पण आधी दोनदा धुऊन खळ काढा, कारण खळीवर कीड येते. ट्रंक जमिनीवर ठेवू नका आणि ओलीच्या भिंतीला टेकवू नका. वेखंडाची पुरचुंडी आपल्या आज्या ठेवायच्या, ती ठेवायला हरकत नाही, फक्त पानांना टेकू देऊ नका.

फोटो मोबाइलवर चालतील. खिडकीजवळ बसा, फ्लॅश बंद, शेजारी शाळेतली पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल. पहिलं पान, शेवटचं पान, कुठे शिक्का असेल तर तो, आणि तर्कीमा आधी. तर्कीमा म्हणजे शेवटी निमुळता होत गेलेला मजकूर. त्यातच कातिबाचं नाव, हिजरी साल आणि कधी गावाचं नाव मिळतं. मग सगळी पानं क्रमाने, कोरी पानंही. कोऱ्या पानांवर पाण्याचे डाग असतात, कागदाच्या जाळीच्या रेघा असतात. त्यावरून कागद जुन्नरी आहे, दौलताबादच्या कागजीपुऱ्याचा आहे की बाहेरून आलेला, याचा अंदाज जाणकार बांधतो.

विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक छोटा ठराव करा. कलमी किताबांची यादी दोन प्रतींत होईल, एक प्रत दप्तरी राहील. दोन विश्वस्तांच्या सहीशिवाय एकही किताब आवाराबाहेर जाणार नाही, ठंडी करायलासुद्धा नाही. आणि जुम्म्याला लोक जमतात तेव्हा फलकावर लावायला हा मजकूर देते. हवा तसा बदलून घ्या:

"ज्यांच्या घरी हाताने लिहिलेली जुनी किताबं, सनदा, मोडी कागद असतील त्यांनी ती ठंडी करू नयेत, विकू नयेत. मशिदीच्या कार्यालयात असर ते मगरिब दाखवायला आणावीत. आणता येत नसतील तर निरोप द्यावा, आम्ही घरी येऊ. किताब तुमच्याकडेच राहील. फोटो तुमच्यासमोर काढले जातील आणि त्यांची एक प्रत तुम्हाला दिली जाईल. किताबीतले सुटे कागद काढू नयेत."

आपली,
कोकणी शाफई घरातली एक वकील